डबा घेऊन निघायचो, पण कामावर नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या पेपरचा जुना वाचक आहे, पत्र पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी 19 वर्षं होतो, शेवटची आठ वर्षं डिस्पॅचला सुपरवायझर. कारखान्याचं नाव लिहीत नाही, आणि माझंही नाव छापू नका. लाज वाटते म्हणून नव्हे, लाज वाटायचे दिवस गेले, पण माझ्याबरोबर कमी केलेल्या काही जणांचा हिशोब अजून मिळायचाय, त्यांना त्रास नको.

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावरची ड्युटी 50 टक्क्यांवर नेली हे सगळ्यांनी वाचलं. आमच्याकडं त्याचा अर्थ असा झाला की पॅकिंग झालेले बॉक्स गोडाऊनला तसेच पडून राहिले, आधी ओव्हरटाइम बंद, मग रात्रपाळी बंद, आणि दिवाळी झाल्यावर एका शनिवारी आम्हाला एकेकाला ऑफिसात बोलावून एक छापील कागद पुढं ठेवला. त्यावर लिहिलं होतं की मी स्वखुशीने राजीनामा देत आहे. मी सही केली. स्वखुशीने हा शब्द मी त्या रात्री अंथरुणात किती वेळा मनात म्हटला असेल ते माझं मला माहीत.

पण मला लिहायचंय ते त्यानंतरच्या सतरा दिवसांबद्दल.

घरी सांगितलं नाही. सांगू उद्या, सांगू परवा करत राहिलो. सोमवारी नेहमीसारखा साडेआठला उठून, आवरून, डबा घेऊन गाडी काढली आणि निम्म्या रस्त्यातून वळवून सिद्धेश्वर मंदिरात जाऊन बसलो. पुढचे सतरा दिवस हेच, कधी मंदिरात, कधी कंबर तलावाच्या काठावर, फार ऊन झालं तर हिराचंद नेमचंद वाचनालयात, तिथं पेपर पुढं धरून बसायचं पण एक ओळ डोक्यात शिरायची नाही. ओळखीचं कुणी दिसलं की तोंड फिरवायचो. दुपारी दीडला डबा उघडायचो, कारण 19 वर्षं दीडलाच उघडलेला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कधी मेथी. बायकोनं पहाटे उठून केलेली भाकरी आपण कामावर न जाता खातोय ह्याचं जे वाटायचं ना साहेब, ते घास खाली उतरू द्यायचं नाही. तरी पूर्ण संपवायचो, डबा भरलेला परत गेला तर विचारतील म्हणून.

सापडलो ते शर्टामुळं. टॉवेल कारखान्यात सुताची धूळ कायम उडत असते, केसात, भुवयात, कॉलरच्या आत पांढरी पांढरी बसते. आमची मंडळी 19 वर्षं रोज संध्याकाळी माझा शर्ट आधी गॅलरीत नेऊन झटकायची आणि मगच भिजत घालायची. तिनं काही दिवस काहीच विचारलं नाही. सतराव्या दिवशी शर्ट हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, झटकला, काहीच उडालं नाही. एवढंच म्हणाली, किती दिवस झाले? मी लहान पोरासारखा रडलो. आई आतल्या खोलीत होती, तिनं आयुष्यभर विड्या वळल्यात, बोटं अजून वाकडी आहेत, ती बाहेर येऊन म्हणाली, "तुझ्या बापानं पण असंच केलं होतं, मला बी लई उशिरा कळलं."

हे मला माहीतच नव्हतं.

वडील मिलमध्ये होते. आजच्या पोरांना सोलापूरच्या मिल म्हटलं की पडक्या भिंती आणि मोकळी मैदानं एवढंच माहीत, पण 1877 ला 'जुनी मिल' नावाची मिल सुरू झाली तेव्हापासून हे गाव भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. मग एकेक करत सगळ्या बंद पडल्या. वडिलांची मिल बंद झाली तेव्हा मी दहावीच्या आसपास होतो. भोंगा बंद झाला तरी ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचे, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचे, दुपारपर्यंत. त्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेला आम्हाला नेलं नाही, आम्ही समजलो पैसे नाहीत. आई आता सांगते, पैसे तिनं बाजूला ठेवले होते, पण गड्ड्यावर सगळे भेटणार आणि सगळे विचारणार, म्हणून ते गेले नाहीत. लग्नाला जाणं सोडलं, बारशाला जाणं सोडलं. आम्ही पोरं चिडायचो त्यांच्यावर, बसून राहतात म्हणायचो, मी स्वतः एकदा तोंडावर बोललोय. ते काही बोलले नाहीत, उठून आत गेले. ते जाऊन आता अकरा वर्षं झाली, माफी मागायची राहिली ती राहिलीच.

माझी मुलगी बी.ए.ला आहे, मानसशास्त्र घेतलंय. सगळं कळल्यावर तिनं मला तिच्या अभ्यासातली एक गोष्ट सांगितली, ती मला फार लागली म्हणून इथं लिहितो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या जवळ मारिएनथाल नावाचं एक गाव होतं, गावाचं पोट एका कापड मिलवर. 1929-30 च्या मंदीत ती मिल बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव एकदम बेकार झालं. तेव्हा मारी याहोडा नावाच्या बाई आणि त्यांचे सहकारी तिथं गेले आणि ह्या लोकांचं नेमकं काय होतंय ते बारकाईनं टिपून ठेवलं. त्यांना वाटलं होतं हातात वेळच वेळ आहे तर लोक वाचतील, पण झालं उलटं, वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं. पुरुष घड्याळ वापरायचे बंद झाले. रस्त्यानं चालताना त्यांचा वेग कमी झाला, मध्येच थांबायचे, उभे राहायचे. बायका मात्र तेवढ्याच घाईत, कारण घरचं काम कुठं संपतंय. याहोडाबाईंनी पुढं असं मांडलं की नोकरी पगार तर देतेच, पण त्याच्याबरोबर दिवसाला एक आकार देते, घराबाहेरची चार माणसं देते, आपण कुणाच्या तरी उपयोगी आहोत असं वाटायला लावते, गावात एक ओळख देते. नोकरी गेली की हे सगळं एकाच दिवशी जातं, आणि माणूस म्हणत राहतो की मला फक्त पैशाची काळजी आहे.

मी पोरीचं ऐकत होतो आणि डोळ्यासमोर वाचनालयात न वाचता बसलेला मी आणि ओट्यावर बसलेले वडील. कुठला तो देश, किती वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि सोलापुरात तेच.

घरी कळल्यावर पैशाचं संकट होतं तेवढंच राहिलं, पण छातीवरचं वजन त्याच रात्री निम्मं झालं हे मी अनुभवानं सांगतो. बायकोनं दुसऱ्या दिवशी वही काढली, गॅस किती, फी किती, गाडीचा हप्ता किती, भिशी बंद करायची, सगळं लिहिलं. ते आकडे बघून भीती वाटली पण ती भीती दोघांची होती. म्हणून ज्यांची नोकरी नुकतीच गेलीये त्यांना हात जोडून सांगतो, घरी त्याच दिवशी सांगा. ते सतरा दिवस मला नोकरी जाण्यापेक्षा जास्त महाग पडलेत.

आणि रिकाम्या दिवसाला खुंट्या ठोकाव्या लागतात. मी साडेआठलाच उठतो. सकाळी आईला घेऊन चालायला जातो, दहा ते बारा अर्ज आणि फोन, त्यानंतर नोकरीचं नाव काढायचं नाही असं बायकोनं ठरवून दिलंय, कारण दिवसभर मोबाईलवर तेच बघत बसलं की डोकं बधिर होतं. संध्याकाळी एका मित्राच्या होलसेल दुकानात तीन तास हिशोब लिहितो. पैसे थोडेच आहेत, पण शर्ट घालून घराबाहेर पडायला कारण आहे.

तरी डिसेंबरात एक आठवडा फार वाईट गेला. झोप नाही, रात्री तीनला जाग, आणि मनात नको ते विचार, म्हणजे मी नसलो तर विम्याचे पैसे तरी येतील इथपर्यंत. हे लिहायला हात थरथरतोय पण लिहितो कारण असा विचार करणारा मी एकटा नसणार. पोरीनं 14416 हा नंबर माझ्या मोबाईलमध्ये टाकून ठेवला होता, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारची हेल्पलाइन आहे, 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. एका रात्री लावला. पलीकडच्या बाईंनी ना उपदेश केला ना होईल सगळं चांगलं म्हणाल्या. झोप कधीपासून नाही, जेवता का, आता घरात जागं कोण आहे, एवढं शांतपणे विचारलं आणि बायकोला उठवायला सांगितलं. मी उठवलं. नंतर सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात दाखवलं, गोळ्या चालू आहेत, झोप लागतेय. शुगरच्या गोळ्या आपण सगळ्यांसमोर खातो, मग ह्या का लपवायच्या.

आता जरा नातेवाईकांबद्दल आणि शेजाऱ्यांबद्दल. "मग, काय करायलाय सध्या?" हा प्रश्न तुम्ही सहज विचारता, तुमच्या मनात काही नसतं हे मला कळतं, पण लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून तो विचारला की समोरच्याचा घास अडकतो. त्यापेक्षा काही ओळखीपाळखीनं काम असेल तर ते सांगा, नसेल तर घरी चहाला बोलवा, मॅचबद्दल बोला, पावसाबद्दल बोला. आणि "पुण्याला का जात नाहीस" हे तर नकोच. सोलापूरच्या घराघरातली तरणी पोरं पुण्याला आहेत, हुतात्मा एक्सप्रेसला सोमवारी सकाळी... (नको, तो वेगळा विषय आहे, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल). सत्तेचाळिसाव्या वर्षी आजारी आईला ठेवून जाता येत नाही एवढं समजून घ्या.

एक कामाची गोष्ट राहिली. त्या स्वखुशीच्या कागदावर सही करण्याआधी दोन दिवसांची मुदत मागा आणि युनियनवाल्याला किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात कुणाला तरी दाखवा. राजीनामा लिहून दिला की कामावरून कमी केल्याची जी भरपाई असते ती मागणं अवघड होऊन बसतं, मला हे नंतर कळलं. ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळते, पाच वर्षं सलग काम झालेलं असलं की झालं. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं आणि जितकी वर्षं काम केलं त्यानं गुणायचं. हा आकडा स्वतः काढून खिशात ठेवूनच ऑफिसात जा. मी काढून गेलो तेव्हा पहिल्यांदा त्या टेबलासमोर ताठ बसता आलं.

मागच्या आठवड्यात आईला घेऊन सिद्धेश्वरला गेलो होतो. मी बसायचो त्याच कट्ट्यावर एक जण बसलेला, तिशीचा असेल, पायाशी हेल्मेट, मांडीवर डबा, सारखा मोबाईलमध्ये वेळ बघत होता. दीड वाजायला आला होता. मी काही विचारलं नाही. शेजारी बसलो, आईच्या पिशवीत लाडू होते ते दिले, तो कोणत्या शाळेत होता, मी कोणत्या, असलं काहीतरी बोललो. अर्ध्या तासानं त्यानंच विचारलं, काका तुम्ही कुठं असता कामाला? मी सांगितलं, ऑक्टोबरात नोकरी गेली. तो माझ्याकडं बघतच राहिला, मग त्यानं डबा उघडला आणि अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली.

तर साहेब तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या पेपरात नोकरीच्या छोट्या जाहिराती येतात, पाहिजेत म्हणून, तेच पान आम्ही सगळ्यात आधी उघडतो आणि शेवटपर्यंत वाचतो. त्या पानावर एका कोपऱ्यात रोज 14416 हा नंबर ठळक अक्षरात छापत जा. जागा फार लागणार नाही.

आपला नम्र,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर