‘संमोहित करून लुटले’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नजरेला नजर भिडवली, भान हरपले आणि अंगावरचे दागिने काढून दिले’ अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. खापर संमोहनावर फुटते आणि तपासाची दिशा चुकते.

संमोहनाला समोरच्याची साथ लागते. माणूस निवांत बसतो, एका बिंदूवर नजर लावतो, श्वास संथ होतो. सूचना देत देत त्याला त्या अवस्थेत न्यायला सहसा काही मिनिटे जातात. त्यातही सगळे सारखे नसतात. संमोहनातल्या सूचनांना कोण किती प्रतिसाद देतो, हे मोजणाऱ्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मापनश्रेणीत 12 कसोट्या आहेत. लांबवलेला हात जड होऊन खाली येणे बहुतेकांना जमते. समोर तीन डब्या असताना दोनच दिसणे मात्र अगदी मोजक्यांना. अनोळखी माणसाने भर रस्त्यात क्षणात कुणाला असे गुंगवणे म्हणूनच संभवत नाही.

मग संमोहनात मनाविरुद्ध काहीच घडत नाही? हे ठरीव उत्तरही अपुरे आहे. मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स या संशोधकांनी 1965 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विषारी साप हाताने उचला, नायट्रिक ॲसिडमधले नाणे बोटांनी काढा, तेच ॲसिड सहायकाच्या तोंडावर फेका, अशा सूचना होत्या. संमोहित सहांपैकी पाच जणांनी त्या पाळल्या. पण संमोहित असल्याचे नुसते सोंग घेणाऱ्या सहाच्या सहा जणांनीही पाळल्या! इजा होऊ नये याची तजवीज गुपचूप केलेली होती. विद्यापीठातले संशोधक आपल्याला खरा धोका होऊ देणार नाहीत, असे सहभागींनी गृहीत धरले होते. म्हणजे काम केले ते विश्वासाने.

हाच विश्वास बंद खोलीत वाईट माणसाच्या हाती पडला तर? संमोहनाने उपचार घ्यायला आलेल्या बाईला ‘हा उपचाराचाच भाग आहे’ असे सांगून स्पर्श केला जातो. डोळे मिटलेले, शंका घेण्याची वृत्ती सैलावलेली. अशा वेळी ‘संमोहनात मनाविरुद्ध काही होत नाही, मग तिने विरोध का केला नाही?’ हा युक्तिवाद निव्वळ क्रूर आहे. फसवून मिळवलेली संमती ही संमती नव्हेच. म्हणून सत्राआधीच विचारावे: स्पर्श होणार का, कुठे, कशासाठी? सोबत कुणी बसू शकेल का? ध्वनिमुद्रण होईल का? टाळाटाळ झाली तर सरळ उठून यावे.

लुटीच्या प्रकरणांत बहुधा दोघे-तिघे मिळून बोलण्यात गुंतवतात, घाई करतात, भीती घालतात. कधी पेयातून गुंगीचे औषध देतात. औषधाचा अंश शरीरातून लवकर निघून जातो, म्हणून रक्ताचे आणि लघवीचे नमुने त्याच दिवशी घेतले पाहिजेत. विसरलेले आठवावे म्हणून साक्षीदाराला संमोहित करणे तर टाळावेच. तपशील वाढतात तशा चुकाही वाढतात आणि साक्षीदाराची खात्री मात्र पक्की होते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच अशा साक्षीला दार बंद केले.

— एक मानसशास्त्रज्ञ