रॅम्बलमधल्या पक्षीप्रेमींचे आभार

मे महिन्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, रॅम्बल नावाच्या दाट झाडीच्या भागातल्या दगडी पायऱ्यांवर बाबांचा पाय मुरगळला. तिथल्या वळणावळणाच्या वाटांत भावाला नेमकं कुठे बोलवावं, तेच कळेना. वार्बलर, म्हणजे छोटे गाणारे पक्षी, बघायला आलेल्या तुम्ही मंडळींनी लगेच धाव घेतलीत. एका ताईंनी गळ्यातला स्कार्फ घोट्याला घट्ट बांधला. दुसऱ्यांनी दिव्याच्या खांबावरचा आकडा वाचून (पहिले दोन अंक म्हणजे जवळच्या रस्त्याचा नंबर!) भावाला फोनवर जागा सांगितली. तो येईपर्यंत एका आजोबांनी स्वतःची दुर्बीण बाबांच्या हाती दिली, त्यांचा खांदा धरून ओकच्या शेंड्याकडे वळवलं. ब्लॅकबर्नियन वार्बलर, थेट दक्षिण अमेरिकेतून आलेला. "अगं, गळा केवढा केशरी!" बाबा दुखणंच विसरले. आता ते छान चालतात. तुमची नावं ठाऊक नाहीत, पण आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.