‘रिफाम्पिसिन चालतं’ एवढ्या अहवालावर थांबू नका: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून मी नोकरी केली, आता निवृत्त आहे. सुरुवातीची वर्षं बेडक्याच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात गेली. शेवटी सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी दोन्ही यंत्रं हाताळली. औषधांना दाद न देणारा टीबी लवकर ओळखायचा तर कोकणात कुठे कोणतं यंत्र हवं, याबद्दल थोडं स्पष्ट लिहिते.

सीबीनॅटला जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये मान्यता दिली. नमुना रसायनात मिसळून काड्तुसात, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या बंद डबीत, भरायचा, की दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का, हे कळतं. त्याचं पुढचं ‘अल्ट्रा’ काड्तूस तर फार कमी जंतूही पकडतं. तंत्रज्ञाचं हातकाम कमी, ही त्याची मोठी बाजू. पण त्याला अखंड वीज आणि थंड खोली लागते, काड्तुसं 28 अंशांच्या आत ठेवावी लागतात. आमचा मे महिना आणि पावसाळ्यातली वीज आपल्याला ठाऊक आहेच. जून 2020 मध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडची गावं कित्येक दिवस अंधारात होती.

ट्रूनॅट शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं. त्याला 2020 मध्ये मान्यता मिळाली. बॅटरीवर चालतं, त्यामुळे तालुक्याच्या दवाखान्यात ते टिकतं. मात्र त्यात हाताचं काम जास्त: एका यंत्रात डीएनए काढायचा, दुसऱ्यात चिपवर थेंब टाकायचा, टीबी निघाला तर रिफाम्पिसिनसाठी पुन्हा वेगळी चिप. हात बसलेला माणूस नसेल तर निकाल वाया जातात. म्हणून यंत्राबरोबर कायम तंत्रज्ञाचं पद मंजूर करा. दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटी माणसाकडून हे काम नीट होत नाही.

आता खरी अडचण. तालुक्यात जी तपासणी होते ती, ट्रूनॅट असो वा सीबीनॅटचं नेहमीचं काड्तूस, फक्त रिफाम्पिसिनबद्दल बोलते. आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या मुख्य औषधाबद्दल काहीच सांगत नाही. 2014-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नव्या रुग्णांपैकी सुमारे 11 टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे 25 टक्के जणांमध्ये आयसोनियाझिडला प्रतिकार आढळला होता. अशा रुग्णाला नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या, तर पहिल्या दोन महिन्यांनंतरचे चार महिने तो प्रत्यक्षात दोनच औषधांवर राहतो. अशानेच पुढे रिफाम्पिसिनही हातचं जाऊ शकतं. वेळेत कळलं तर त्याच्यासाठी लिव्होफ्लॉक्सासिनचा वेगळा उपचार आहे.

हे सांगणारी तपासणी म्हणजे एलपीए (लाइन प्रोब असे), म्हणजे जंतूंच्या डीएनएवरून औषधांचा प्रतिकार पट्टीवर दाखवणारी तपासणी. ती चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण तिला वेगवेगळ्या कामांसाठी वेगळ्या खोल्या आणि खास शिकलेली माणसं लागतात. ती थेट बेडक्यावर होते, पण काचेवर जंतू दिसत असतील तरच भरवशाची; नाहीतर आधी प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे, म्हणजे कल्चर करायचं, आणि द्रव माध्यमातही त्याला 42 दिवसांपर्यंत वाट बघावी लागते. माझ्या नोकरीत हे नमुने घाटावरच्या प्रयोगशाळेत जायचे. पावसात घाटात दरड आली की डबा वाटेत अडकायचा. शिमग्याला मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्याचा अहवाल आला तेव्हा तो परत कामावर गेला होता आणि आयसोनियाझिड त्याला लागू पडत नव्हतं. त्याला शोधण्यात आशाताईंचे हाल झाले. चिरेखाणीवरचे कर्नाटकातले कामगार आणि बोटींवरचे नेपाळी खलाशी यांचंही असंच. ती माणसं अहवालासाठी थांबत नाहीत, थांबू शकत नाहीत.

म्हणून जिल्हा रुग्णालयात सीबीनॅटचंच दहा रंगांचं, म्हणजे दहा रंगांचा प्रकाश टिपणारं, नवं यंत्र हवं. त्यावर चालणाऱ्या काड्तुसाला 2021 मध्ये मान्यता मिळाली आहे. दीड तासात ते आयसोनियाझिड, लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं आणि इथिओनामाइड यांबद्दल सांगतं. जुन्या यंत्रात ते चालत नाही, त्यामुळे ‘आमच्याकडे सीबीनॅट आहेच’ हे उत्तर पुरेसं नाही. नमुन्यात जंतू फार कमी असतील तर तेही उत्तर देत नाही. अशा नमुन्यांसाठी कल्चर लागणारच. आणि 2024 मध्ये देशात मंजूर झालेल्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरच्या सहा महिन्यांच्या उपचारातलं बेडाक्विलिन हे औषध चालेल का, हे यांतलं कोणतंच यंत्र सांगत नाही. त्यासाठी नमुना घाटावर जाऊ दे, माझी हरकत नाही. पण आयसोनियाझिडसाठी तो घाट चढू नये.

अजून एक. मेलेल्या जंतूंचा डीएनएही ही यंत्रं दाखवतात. उपचार चालू असताना त्यांच्यावर ‘बरा झाला की नाही’ ठरवू नये, याची लेखी आठवण प्रत्येक दवाखान्याला द्या.

आपल्याकडे माझं मागणं एवढंच आहे. प्रत्येक तालुक्यात ट्रूनॅट आणि त्यावर कायम तंत्रज्ञ. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या जिल्हा रुग्णालयांत दहा रंगांचं यंत्र आणि वर्षभर पुरतील एवढी काड्तुसं. आणि आढावा बैठकीत किती तपासण्या झाल्या यापेक्षा, बेडका दिल्यापासून आयसोनियाझिडचा निकाल रुग्णाच्या हाती पडेपर्यंत किती दिवस गेले, हे तालुकावार विचारा.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
राजापूर