आयर्डेल आणि बाबांची एसटी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर आईचा आवाज ऐकला की विषय बदलते, म्हणून लिहितेय. फर्ममधली नोकरी सोडली. इथे नॉर्थ कॅरोलायनातच राहून कायद्याच्या इतिहासात पीएचडी करायची ठरवलीय. साताऱ्याला कायमचं परतणं लांबलं. कायमचं नाही, लांबलं. फेलोशिप आहे, विमा आहे, तूरडाळ आणि गोडा मसाला कोपऱ्यावर मिळतो. मावशीला एवढ्यात सांगू नका.

बाबा, विषय तुमच्या आवडीचा आहे: न्यायमूर्ती जेम्स आयर्डेल. इंग्लंडमधला जन्म. वडिलांचा धंदा बुडाला म्हणून सतराव्या वर्षी इथल्या एडन्टनच्या जकात कचेरीत नोकरीला आला आणि नोकरी सांभाळून वकील झाला. वसाहतींची बाजू घेतली, तर जमैकातल्या श्रीमंत काकाने वारशातून वगळलं. 1790 मध्ये वॉशिंग्टननी त्याला सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. 1793 च्या चिझम विरुद्ध जॉर्जिया खटल्यात बाकीचे चौघे म्हणाले, परराज्यातला माणूस राज्यावर दावा लावू शकतो. हा एकटाच विरोधात. दोन वर्षांत अकरावी घटनादुरुस्ती झाली आणि निकाल फिरला. तुमची ती भिन्न मतं वाचायची हौस आठवली.

पण मी गुंतले ते त्याच्या फिरतीत. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाच वर्षातून दोनदा गावोगावी कोर्ट भरवायला जावं लागे. याच्या वाट्याला पुन्हा पुन्हा दक्षिणेचं सर्किट, म्हणजे दोन्ही कॅरोलायना आणि जॉर्जिया. घोडागाडी, चिखल, फुगलेल्या नद्या, परक्या खानावळी, आणि घरी बायकोला, हॅनाला, पत्रं. 1799 मध्ये गेला, जेमतेम 48 वर्षांचा. फिरतीने झिजला, असं माझं मत.

शहाद्याची बदली आठवली. सामान यायचं होतं, मी ट्रंकेवर झोपले होते आणि तुम्ही एका हाताने निकाल लिहीत दुसऱ्या हाताने मला वारा घालत होतात. आई स्टोव्हशी भांडत होती.

म्हणून सांगते, लोकअदालतीसाठी फलटणला एसटीने जाणं आता बंद. निवृत्त झालात ना? साताऱ्यातलं पॅनेल घ्या, नाहीतर रिक्षावाल्या काकांना पूर्ण दिवसासाठी सांगा, पैसे मी पाठवते. रक्तदाबाची गोळी चहाआधी. आई, गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जा, तेल पुरे झालं. आणि स्वयंपाकाला बाई ठेव. तिच्या पोळ्या तुझ्यासारख्या होणार नाहीत, हे मान्य.

रागावलात तर फोनवर रागवा, गप्प बसू नका. आणि बाबा, व्हिडिओ कॉलला फोन तोंडासमोर धरा, मला रोज फक्त पंखा दिसतो.

तुमची,
मनू