कानळाच्या राईत नेणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचा नंबर लिहिलेला कागद पावसात भिजला आणि शाई पसरली, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. दोडामार्गाकडचं कोणी वाचत असेल तर कृपया काकांना वाचून दाखवा.

जूनमधल्या त्या सकाळी आंबोलीत आमच्या गाडीचा क्लच गेला. दुरुस्तीला उद्याचा दिवस उजाडेल, असं सांगितलं गेलं. बाबा काहीच बोलले नाहीत. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, पण मायरिस्टिकाची, म्हणजे जायफळाच्या कुळातल्या झाडांची, दलदल त्यांनी फक्त फळ्यावर काढली होती. वय बहात्तर, गुडघे दुखरे. पुन्हा इतक्या लांब येणं झालं नसतं. तुम्ही भाडं सोडून परत निघाला होतात. आमचं बोलणं ऐकून म्हणालात, "हेवाळ्याक जातंय, चला माझ्यावांगडा."

घाट तुम्ही किती सावकाश उतरवलात! धबधब्याजवळची गर्दी मागे टाकून पुढच्या एका वळणावर थांबलात आणि बाबांच्या बाजूची काच खाली केलीत. खाली दरीत ढग भरले होते, कड्यावर कारवी दाटली होती. दाणोली, बांदा, दोडामार्ग. पुढे काजूच्या बागा आणि मध्येच नवी रबराची लागवड. ती दाखवताना तुमचा आवाज उतरला. इथे पूर्वी जंगल होतं, एवढंच म्हणालात.

मग हेवाळे-बांबर्डेची कानळाची राई, ती दलदल जपणारी देवराई. पाऊस तासाभरासाठी उघडला होता. तुम्ही आधी राईच्या देवाला, भालंदेश्वराला हात जोडलेत, बाबांच्या हातात एक काठी दिलीत आणि त्यांचा दंड धरून पुढे झालात. "मास्तरानू, सावकाश. मुळार पाय नको."

आत काळोखी थंडी होती आणि पायाखाली काळा चिखल. जायफळाच्या कुळातली ती उंच झाडं खोडातून फुटलेल्या आधारमुळांवर उभी होती. काही मुळं चिखलातून वर येऊन गुडघ्यासारखी वाकत पुन्हा आत गेली होती. सतत पाण्याखालच्या मातीत हवा पोहोचत नाही, म्हणून मुळांना श्वास घ्यायला असं वर यावं लागतं. हे वाक्य बाबांनी शेकडो मुलांना शिकवलं होतं. त्या दिवशी ते ओहोळाकाठच्या दगडावर बसले आणि एका वाकलेल्या मुळाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "मी फळ्यावर फार लहान काढायचो गं."

या राईला 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम 2.59 हेक्टर. सह्याद्रीत दक्षिणेकडे अशा दलदली अजून आहेत, पण त्यांतल्याही कितीतरी भातशेतीसाठी आणि बागांसाठी बुजल्या. ही उरली ती देवाची म्हणून कोणी कोयता लावला नाही म्हणून. बाबांनी विचारलं, इथलं लाकूड कोणीच नेत नाही? तुम्हाला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "देवाचा आसा ता," म्हणालात.

आणि परतीची संध्याकाळ. तुम्ही आम्हाला आंबोलीत सोडायला पुन्हा घाट चढून आलात. सड्यापाशी, त्या कातळाच्या पठारापाशी पोहोचताना गाडी चालण्याच्या वेगावर आणलीत, मग थांबवलीत. दिव्याच्या उजेडात पिवळसर पट्ट्यांचे छोटे भेक रस्ता ओलांडत होते. 2009 मध्ये वेगळी प्रजाती म्हणून नोंदला गेलेला, नष्ट होण्याच्या काठावर असलेला आंबोलीचा भेक! पहिल्या पावसात जांभ्या कातळावरच्या उथळ डबक्यांत त्यांची वीण होते आणि त्याच दिवसांत पर्यटकांच्या गाड्याही वाढतात. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. तुम्ही उतरून गेलात, त्यांनाही हात करून दाखवलंत. दहा मिनिटं दोन्ही गाड्या उभ्या होत्या. मागच्या गाडीतली दोन मुलं छत्री घेऊन खाली उतरली होती.

थांबलेल्या वेळेचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. निदान चहा तरी, म्हटलं, तर काकू वाट बघत असतील म्हणून निघालात.

बाबांनी घरी आल्यावर त्या मुळांचं मोठं चित्र काढलंय, पेन्सिलीने, पूर्ण कागदभर. एक प्रत तुमच्यासाठी आहे, पण पाठवायला पत्ता नाही. राईतली फळं नेमकी कधी पिकतात, हेही त्यांना तुम्हालाच विचारायचंय. काठी आमच्याकडेच आहे.

तुमची,
मास्तरांची मुलगी