क्वार्टरबॅकच्या नजरेचीही दखल घ्यावी

मा. संपादक,
स. न.

अमेरिकन फुटबॉलविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात फेकीचे अंतर आणि खेळाडूंची आदळआपट यांपलीकडचे फारसे वाचायला मिळत नाही. चेंडू हातातून सुटण्याआधी क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या व चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला, समोरच्या बचावाची रचना ओळखावी लागते आणि या खेळातले सर्वांत अवघड कौशल्य माझ्या मते तेच आहे.

एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये साधारणपणे एक खेळी संपल्यापासून पुढची सुरू करण्यास ४० सेकंद मिळतात. प्रशिक्षकांच्या सूचना हेल्मेटमध्ये ऐकू येतात, पण १५ सेकंद उरले की तो संपर्क तोडला जातो आणि पुढचे निर्णय क्वार्टरबॅकला एकट्यालाच घ्यावे लागतात. त्याची नजर प्रथम सर्वांत मागच्या दोन बचावपटूंकडे, म्हणजे सेफ्टींकडे, जाते. दोघेही खोलवर, मैदानाच्या दोन अर्ध्या भागांत उभे असतील, तर बहुधा ‘कव्हर टू’ किंवा ‘कव्हर फोर’ ही रचना असते; नावातला आकडा खोल भाग सांभाळणाऱ्या बचावपटूंचा. एकच मध्यभागी खोल असून दुसरा पुढे सरकलेला असेल, तर ‘कव्हर वन’ किंवा ‘कव्हर थ्री’ची शक्यता वाढते. बचाव माणसागणिक आहे की जागेगणिक, हे ताडण्यासाठी एखाद्या रिसीव्हरला (फेक झेलणाऱ्या खेळाडूला) स्नॅपपूर्वी, म्हणजे चेंडू खेळात येण्याआधी, आडवे पळवतात. त्याच्यामागे एखादा बचावपटू मैदानभर गेला, तर मॅन-टू-मॅन. बाकीच्यांनी केवळ जागा थोड्या बदलल्या, तर झोन.

प्रत्येक रचनेचे मर्मस्थान वेगळे असते. ‘कव्हर टू’मध्ये ते दोन सेफ्टींच्या मधोमध, तसेच कडेला कॉर्नरबॅकच्या (कडेच्या बचावपटूच्या) पाठीमागे सापडते. टोनी डंजी आणि मॉन्टी किफिन यांच्या टॅम्पा बे संघाने मधल्या लाइनबॅकरला (पुढच्या फळीमागे उभ्या बचावपटूला) खोलवर धाडून पहिली फट बुजवली, आणि ‘टॅम्पा टू’ हे नाव रूढ झाले.

मात्र स्नॅपपूर्वी दिसते ते सारे खरे नसते, कारण बचावपटू मुद्दाम खोटी रचना दाखवतात. फेब्रुवारी २००९च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, मध्यंतरापूर्वीच्या अखेरच्या खेळीत, ॲरिझोनाचा कर्ट वॉर्नर पिट्सबर्गच्या गोलरेषेच्या अगदी तोंडाशी होता. लाइनबॅकर जेम्स हॅरिसन ब्लिट्झसाठी, म्हणजे क्वार्टरबॅकवर चाल करण्यासाठी, धावून येणार असे भासत होते; प्रत्यक्षात तो मागे सरकला, थेट फेकीच्या वाटेत आला आणि चेंडू पकडून त्याने १०० यार्डांवरची दुसरी गोलरेषा गाठली. पिट्सबर्गने तो सामना २७-२३ असा जिंकला. वॉर्नर हा दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, कसलेला क्वार्टरबॅक. अशा माणसालाही चकवणारी ती दोन पावले मला त्या १०० यार्डांच्या धावेपेक्षा मोलाची वाटतात, आणि वृत्तांतात नेमकी तीच गळतात.

म्हणून विनंती अशी, की पुढील सुपर बोलच्या वृत्तांतात गुणफलकासोबत एका तरी निर्णायक खेळीची आकृती छापावी आणि स्नॅपपूर्वी व स्नॅपनंतर दोन्ही सेफ्टी कोठे होते, हे तीत दाखवावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक