विजापूरला आम्ही दोघंच का गेलो

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, "माझी सुट्टी लागेपर्यंत थांबता आलं नसतं का?" बाबू तेव्हा कानाशीच बसला होता, म्हणून मी विषय बदलला. हॉस्टेलवर तुला निवांत वाचता येईल, म्हणून आता सविस्तर लिहिते.

थांबता आलं असतं. थांबलो नाही, कारण आम्हाला दोघांनाच जायचं होतं.

लग्नानंतर सुरुवातीला तुझे बाबा रात्री जेवताना उद्यमबागेतल्या फाउंड्रीतलं, त्यांच्या ओतकामाच्या कारखान्यातलं, सगळं सांगायचे. कुठला साचा फुटला, कुठल्या कास्टिंगला छिद्र निघालं, भट्टी किती उशिरा तापली. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण ऐकायला आवडायचं. मग तुम्ही झालात आणि जेवणाची वेळ तुमची झाली. तसंच व्हायला हवं होतं. आता आम्ही बोलतो ते फी, गॅस, बाबूचा खोकला आणि नळाला पाणी कधी येणार एवढ्यावरच. मला ते जुनं बोलणं परत हवं होतं, ताई. तुम्ही सोबत असता तर माझं लक्ष तुमच्या टोपीकडे आणि पाण्याच्या बाटलीकडेच राहिलं असतं.

बाबूला खानापूरला आजींकडे ठेवून आम्ही बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवरून पहाटेची बस धरली. जमखंडीच्या पुढे कृष्णा ओलांडली आणि जमीन सपाट, काळी होत गेली. आपल्याकडच्या पावसाळी हिरव्या डोंगरांची सवय झालेल्या डोळ्यांना ते आभाळ फार मोठं वाटतं. त्या सपाटीवर गोलघुमट बराच लांबून दिसायला लागतो.

सगळं सांगत बसत नाही. बाराकमान, म्हणजे दुसऱ्या अली आदिलशहाची अपुरी राहिलेली कबर, आम्ही टांग्यातून उतरून घाईतच पाहिली. इब्राहिम रोजात मात्र बराच वेळ बसलो. दुसरा इब्राहिम आदिलशहा १५८० ते १६२७ पर्यंत गादीवर होता. गाण्याचा वेडा, स्वतः दख्खनी भाषेत पदं रचणारा आणि त्यांत सरस्वतीला वंदन करणारा. त्याच्या कबरीच्या खिडक्यांना दगडात कोरलेल्या अक्षरांच्याच जाळ्या आहेत, त्या अक्षरांमधूनच उजेड आत येतो. शेजारी राणी ताज सुलताना आणि घरातली इतर माणसं. मला ती जागा फार आवडली.

पण तुला सांगायचं आहे ते मलिक-ए-मैदान तोफेबद्दल. पश्चिमेच्या बुरुजावर आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, ओतणारा महंमद बिन हसन रूमी. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात सापडलेला हत्ती. इतर लोक फोटो काढून दोन मिनिटांत खाली उतरत होते. तुझे बाबा तिथेच थांबले. चारही बाजूंनी फिरले, वाकून नळीत डोकावले, आणि मग बोलायला लागले. एवढा वितळलेल्या धातूचा रस एका भट्टीत मावायचाच नाही, म्हणाले. कितीतरी भट्ट्या एकदम पेटवाव्या लागल्या असणार, आणि सगळीकडचा रस एका दमात साच्यात उतरायला हवा. मध्ये जरा खंड पडला की तिथे सांधा राहतो आणि बार काढताना तोफ तिथेच फुटते. आतला कोअर, म्हणजे नळी पोकळ राहावी म्हणून साच्यात ठेवलेला गाभा, कसा उभा धरला असेल, साचा किती दिवस वाळवला असेल, थंड व्हायला किती वेळ दिला असेल, एकेक सांगत होते. त्यांचे डोळे चमकत होते. मी मध्ये मध्ये विचारत होते आणि ते न कंटाळता सांगत होते. ऊन चढलं तरी आम्हाला उतरावंसं वाटेना.

१८५४ मध्ये इंग्रजांनी ही तोफ लिलावात काढली आणि बोली दीडशे रुपयांवर थांबली, हे मी त्यांना सांगितलं. नंतर ती विक्री रद्द झाली म्हणून ती आज तिथे आहे. ते ऐकून ते किती वेळ गप्प होते. भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या कामाची किंमत कोण कशी करतं, हे त्यांना आतून लागतं. तुला ते माहीत असावं असं मला वाटतं.

गोलघुमटाला दुसऱ्या दिवशी उघडल्या उघडल्या गेलो, कारण नंतर शाळांच्या सहली येतात. महंमद आदिलशहाची ही कबर १६५६ ची. घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर आणि आत एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी उभारून चौकोनी भिंतींवर गोल बसवलेला आहे. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे सात मजले चढताना माझा गुडघा दुखत होता. बाबा प्रत्येक वळणावर थांबत होते. वरच्या सज्ज्यात मी भिंतीला कान लावून बसले आणि ते पार समोरच्या बाजूला गेले. तुझ्या जन्मापासून ते मला "ताईची आई" म्हणतात. त्या भिंतीतून माझं माहेरचं नाव आलं, अगदी कानाशी बोलल्यासारखं. पुढे ते काय म्हणाले आणि मी काय उत्तर दिलं, ते आमच्यातच राहू दे.

दुपारी खानावळीत ज्वारीची भाकरी, भरलं वांगं आणि शेंगाचटणी. बाबा वाढणाऱ्याशी कन्नडमध्ये गप्पा मारत होते आणि मी पोटभर जेवले. कुणाच्या ताटातलं संपलं का, हे बघायचं नव्हतं.

तुमची आठवण आली नाही असं नाही. संध्याकाळी बाबूला फोन केला तेव्हा गळा दाटून आला. पण परत आल्यापासून बाबा जेवताना पुन्हा कामाचं बोलतात आणि बाबूही ऐकत बसतो. परवा त्याने विचारलं, कोअर म्हणजे काय.

तुला सुट्टी लागली की तुम्हा दोघांना घेऊन विजापूरला पुन्हा जाऊ, तोफ बाबाच दाखवतील. पुढच्या वर्षी बीदरला मात्र आम्ही दोघंच जाणार आहोत, आत्ताच सांगते. जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची तार ठोकून, किल्ल्यातली माती लावून ते काळं कसं करतात, हे त्यांना बघायचं आहे. तेव्हा तू घरी असशील अशाच तारखा ठरवू. बाबू आता एकट्या आजींना आवरत नाही.

जेवण वेळेवर घे.

तुझी,
आई